बंडगार्डनचा पूल आणि आपली मंडई

(समाजाच्या वार्षिक संमेलनात, मंडई परिसरात भरलेल्या सभेपुढे केलेले भाषण)



‘आपल्या समाजाची वाटचाल’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. आज्ञा शिरसावंद्य आहे. तथापि वाटचाल म्हटली की वाट आली, आणि पुण्यात वाट म्हटली की नदी आडवी आल्याशिवाय राहत नाही. म्हणून आम्ही आज एका पुलाविषयी बोलणार आहोत. मंडईत उभे राहून पुलाच्या गोष्टी कशाला, असे कोणास वाटेल. या इमारतीच्या अष्टकोनी मनोऱ्यापासून नदी तशी दूर आहे, हे खरे; परंतु या गाळ्यांतून जी भाजी पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली, तिच्यातील पुष्कळशी भाजी नदी ओलांडून आलेली आहे. मंडईचा इतिहास लिहावयाचा तर त्याचे पहिले प्रकरण पुलावरच लिहावे लागेल.

पुण्यास पूल अनेक आहेत. पानिपतच्या घोर पराभवानंतर परतणाऱ्या लोकांसाठी घाईने उभारला असे परंपरा सांगते तो लकडी पूल, १९२३ साली बांधलेला नवा पूल, ज्यास आज आपण शिवाजी पूल म्हणतो, संगमाजवळचा पूल, आणि अलीकडच्या काळात तर मोजदाद ठेवणे कठीण व्हावे इतके. आम्हांस ज्याविषयी बोलावयाचे आहे तो या सर्वांच्या खालच्या अंगास, नगरच्या रस्त्यावर आहे. मुळा आणि मुठा या दोन बहिणी संगमावर एक होतात आणि मुळा-मुठा या जोडनावाने पुढे भीमेकडे निघतात. शहरात चिंचोळी झालेली नदी येथे एकाएकी प्रशस्त होते. याचे एक कारण दोन नद्यांचे एकत्र आलेले पाणी, आणि दुसरे कारण माणसाने घातलेला बंड. १८५०च्या सुमारास पुण्याच्या पाण्याची सोय व्हावी म्हणून सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून हा बंड नदीत घातला गेला. त्याच्या मागे पाणी तुंबले, पसरले, आणि काठावर जी बाग झाली तिला बंडगार्डन हे नाव पडले. आज तिचे नाव महात्मा गांधी उद्यान आहे. परंतु लोकांच्या तोंडचे नाव काही सुटत नाही.

या विस्तीर्ण पाण्यावर १८६०च्या दशकाच्या अखेरीस दगडी पूल झाला. कॅप्टन सेलन या लष्करी इंजिनियराने त्याची आखणी केली. सुमारे अडीच लक्ष रुपये खर्च आला. आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांचे नाव त्यास दिले गेले. दोन्ही टोकांस सिंहांच्या मूर्ती बसविल्या. गव्हर्नरसाहेबांचे नाव कागदोपत्री राहिले; गाडीवानांनी मात्र त्यास ‘बंडाचा पूल’ याच नावाने ओळखले.

कमानींच्या पुलाचे एक मर्म येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. लाकडाची तुळई टाकली तर ती आपला भार सरळ खाली देते. दगडी कमानीचे तसे नाही. तिच्यातील प्रत्येक दगड शेजारच्या दगडास रेटतो, आणि हा रेटा एका कमानीतून दुसरीत जात जात अखेर दोन्ही काठांवर येऊन पोहोचतो. काठांनी तो सोसला तरच कमान उभी. एक काठ बळकट आणि दुसरा खचलेला, अशा स्थितीत कमान टिकत नाही. म्हणजे असा पूल नदीवर जितका उभा असतो तितकाच दोन काठांच्या परस्पर विश्वासावर उभा असतो.

आमच्या आजोबांचा मळा लोहगावच्या शिवारात होता. रात्री दोनच्या सुमारास गाडी जुंपावयाची, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकावयाच्या, जुवाखाली कंदील टांगावयाचा आणि निघावयाचे. येरवडा मागे पडले की हवेत गारवा येई. बैलांच्या नालांचा आवाज बदलला की, गाडीत डोळा लागलेल्या माणसासही, पुलावर आलो हे कळे. पूल संपला की निम्मी काळजी संपली, असे आजोबा म्हणत. पुढे स्टेशन, रास्ता पेठ आणि उजाडता उजाडता मंडई. येथे आमच्या वडिलांचा गाळा होता आणि त्याच्याच पायथ्याशी, जमिनीवर पोते अंथरून, आमची आजी जुड्या मांडून बसत असे. या सभेतील अर्ध्याअधिक घरांची कथा थोड्याफार फरकाने हीच असेल. कोणाची गाडी हडपसराकडून येई, कोणाची कोथरुडाकडून लकडी पुलावरून. परंतु पहाटेच्या त्या वाटेवर आपल्या समाजाची बाळे वाढली.

आता या पुलाशी आपला दुसरा एक संबंध आहे, आणि तो भाजीचा नव्हे, चुन्याचा आणि दगडाचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांस आपण समाजसुधारक म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. परंतु ते कंत्राटदार होते, हे आपण फार क्वचित बोलतो. खडकवासल्याचे धरण १८७०च्या दशकात बांधले जात होते तेव्हा त्यास लागणारे साहित्य पुरविण्याचे काम त्यांनी केले. कात्रजच्या बोगद्यासाठी मजूर पुरविले. आणि येरवड्याच्या पुलाचे नावही त्यांच्या चरित्रांतून या कामांच्या यादीत सांगितले जाते. मांजरीस त्यांची शेती होती, तीही याच मुळा-मुठेच्या अंगास. म्हणजे नदी कशी वाहते, पाणी कसे अडवावे, दगड कसा बसवावा आणि मजुराच्या घामातून कोणकोण आपला वाटा काढून घेतो, हे त्यांनी पुस्तकातून वाचलेले नव्हते. डोळ्यांनी पाहिले होते. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पावसाचे पाणी आणि माती अडवून धरण्यासाठी बांध घालावे, तळी करावी, असा जो आग्रह आहे, तो या अनुभवाचे फळ आहे, असे आम्हांस वाटते.

आणि आता १९६१. त्या वर्षीच्या १२ जुलैची आठवण या सभेतील ज्येष्ठांस सांगावयास नको. आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणाचे काम पुरते झालेले नव्हते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचविण्याची शिकस्त केली. सकाळी धरण फुटले. त्याचे पाणी खडकवासल्यावर आले, आणि जिच्या उभारणीस फुल्यांनी साहित्य पुरविले होते ती जुनी भिंतही त्याच दिवशी गेली. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन, नदीकाठची सारी वस्ती पाण्याखाली गेली. शहरातील पुलांवरून पाणी वाहिले. शेकडो माणसे दगावली, हजारो कुटुंबे उघड्यावर आली, शाळांच्या वर्गांतून चुली पेटल्या. वर इतका प्रलय झाला, तरी खालच्या अंगाचा हा बंडाचा पूल उभा राहिला. नदीस तेथे पसरावयास जागा होती, हेही त्याचे एक कारण असावे. जिला अंग पसरू दिले ती नदी पुलाला पाडीत नाही, हा धडा त्या वर्षी मिळाला होता. तो आपण शिकलो काय, याचा विचार पुढे करू.

आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो. पुरानंतर चौथ्या दिवशी लोहगावाहून आमच्या काकांची गाडी त्या पुलावरून आली. शहरात भाजी नव्हती. मंडईत त्या सकाळी जो गलका उडाला तो अजून कानांत आहे. वडिलांनी मेथीची जुडी नेहमीच्या तिप्पट दराने विकली. तासाभरात गाडी रिकामी झाली. हे सांगताना आम्हांस आनंद होत नाही. परंतु समाजापुढे बोलावयास उभे राहावे आणि आपल्या घरातील तेवढे झाकावे, हेही बरे नव्हे.

त्या रात्री आजीने गल्ला मागितला. तिला लिहिता येत नव्हते, हिशेब मात्र पक्का होता. नेहमीच्या दराने जितके झाले असते तितके तिने बाजूस काढून वडिलांपुढे सरकविले. उरलेले पैसे पदरात घेतले आणि म्हणाली, “पूल पडला असता तर तुझी मेथी तिकडंच सुकली असती. पूल काय तू बांधलास?” वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या गाडीतली भाजी त्या पैशांनी आमच्याच गाळ्यावरून विकत घेऊन आजीने जवळच्या शाळेत उतरलेल्या पूरग्रस्तांस पोहोचविली. वडील स्वतः पाटी डोक्यावर घेऊन तिच्या मागून गेले. पुढे चाळीस वर्षे त्यांनी गाळा चालविला; टंचाईच्या दिवसांत त्यांचा दर कधी चढला नाही. या गोष्टीचा उल्लेखही त्यांनी कधी केला नाही.

बंधुभगिनींनो, या पुलावरून भाजीच्या गाड्या गेल्या तशा याहून मोठ्या गोष्टीही गेल्या. त्या काळी स्टेशनाकडून येरवड्यास जाण्याचा सरळ रस्ता हाच होता. येरवड्याच्या कारागृहात महात्मा गांधींचे उपोषण चालू असता १९३२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि इतर पुढारी यांच्या वाटाघाटी झाल्या आणि पुणे करार झाला. त्या करारात कोणी काय मिळविले आणि कोणास काय सोडावे लागले, याविषयी आजही मतभेद आहेत, आणि ज्यांस सोडावे लागले त्यांचा सल समजून घेणे हे इतरांचे कर्तव्य आहे. आम्ही फक्त तारखेकडे लक्ष वेधतो. करारावर सह्या झाल्या २४ सप्टेंबर रोजी. आणि जोतीरावांनी याच पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली तीही १८७३ सालच्या २४ सप्टेंबर रोजीच. हा निव्वळ योगायोग होय. तथापि त्या दोन तारखांमध्ये एकुणसाठ वर्षे उलटूनही नदीचे दोन काठ किती दूर राहिले होते, याची मोजणी या योगायोगाने आपोआप होते.

आजची स्थिती आपण जाणताच. जुना पूल वाहनांस बंद झाला. शेजारी नवे पूल झाले आणि तो आता पायी फिरणाऱ्यांचा झाला आहे. मेट्रो बंडगार्डन स्थानकाकडून नदी ओलांडून येरवड्याकडे जाते. आपल्या मंडईखाली तर २०२४ सालापासून भुयारी स्थानक चालू झाले असून शिवाजीनगराकडून तेथे येणारी गाडी मुठेच्या पात्राखालून येते. ज्या नदीवरून आजोबांची गाडी तीन तास रखडत आली, तिच्या खालून नातू काही मिनिटांत येतो आणि नदी केव्हा गेली हे त्यास कळतही नाही. घाऊक व्यापार गुलटेकडीस गेल्यालाही आता बराच काळ लोटला. हे सर्व कालमानाप्रमाणे झाले. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती नदीच्या दशेविषयी. बंडामागचे ते विस्तीर्ण पाणी उन्हाळ्यात जलपर्णीने हिरवे होते आणि शहराच्या मैलापाण्याच्या दुर्गंधीने तेथे उभे राहवत नाही. वरच्या अंगास पात्रात भराव पडले, काठांवर इमारती आल्या. २०२४च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा सिंहगड रस्त्याकडील एकता नगरीत घराघरांत पाणी शिरले. पानशेत फुटले ते एकदाच. परंतु नदीची जागा आपण दरवर्षी थोडीथोडी घेत आहोत. माळ्याच्या घरात जन्मलेल्यास हे तरी सांगावयास नको की पाटाचे तोंड बुजविले तर पाणी वाफ्यातून बाहेर फुटते. म्हणून नदीच्या पात्राविषयी महापालिकेत जेव्हा जेव्हा चर्चा होईल तेव्हा आपल्या समाजाने तेथे हजर राहून आपले ज्ञान सांगितले पाहिजे. ते आपल्या बापजाद्यांचे ज्ञान आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो बोलण्यासाठीच आम्ही पुलाची ही लांब वाट धरली. समाजाच्या वास्तूसाठी गेली काही वर्षे निधी जमत आहे. सभागृह व्हावे, त्यात लग्नकार्ये व्हावी, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसावी, असा एक विचार आहे. दुसरा विचार असा की त्याच जागेत प्रथम मुलींचे वसतिगृह व्हावे. शिरूर, दौंड, जुन्नर या भागांतून शिकावयास येणाऱ्या मुलींस पुण्यात खोली परवडत नाही आणि आईबाप त्यांस परत बोलावून घेतात, हे आपण प्रत्यक्ष पाहतो.

या प्रसंगी आम्ही मंडईच्या इतिहासातील एका गोष्टीचे स्मरण देतो. पूर्वी शनिवारवाड्यापुढील मैदानात भाजीबाजार भरे. त्यासाठी भव्य इमारत बांधण्याचा विचार नगरपालिकेत निघाला तेव्हा जोतीराव तेथे सभासद होते, आणि त्यांनी विरोध केला. हा पैसा इमारतीपेक्षा शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. १८८६ साली इमारत उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. पुढे १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तीच इमारत महात्मा फुले मंडई झाली. ज्या इमारतीस त्यांनी विरोध केला तिच्यावर त्यांचे नाव झळकते आणि ज्या गोष्टीसाठी विरोध केला ती अजून अपुरी आहे! या इमारतीने आपणांस पोसले, म्हणून आम्ही तिचा उणा शब्द काढणार नाही. परंतु त्यांचा शब्द एकदा मोडला गेला. तो पुन्हा, आणि तोही त्यांच्याच समाजाने मोडावा काय, एवढेच आम्ही विचारतो.

आणखी एक विनंती आहे. ती काही सभासदांस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. वसतिगृहाच्या दारावर जात विचारली जाऊ नये. “ज्ञातीचा पैसा ज्ञातीसाठी” हे वाक्य आम्ही बैठकींतून ऐकले आहे, आणि ते बोलणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांनी वर्गणीसाठी उन्हातान्हात पायपीट केली आहे. परंतु येथून जवळच गंज पेठेत, आता जिला महात्मा फुले पेठ म्हणतात तेथे, जोतीरावांच्या घराचा हौद आहे. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. तो हौद त्यांच्या घरचा होता, त्यावर खर्च त्यांचा झाला होता. ‘घरचे पाणी घरासाठी’ असे म्हणावयास त्यांस कोणी अडविले नव्हते. तसे त्यांनी म्हटले असते तर आज आपण त्यांची जयंती केली असती काय?

प्रथम सांगितलेले कमानीचे मर्म येथे आठवावे. आपली ज्ञाती हा एक काठ आहे. तो बळकट असावा, त्याची डागडुजी व्हावी, यासाठीच ही संस्था आहे. परंतु नुसता काठ म्हणजे पूल नव्हे, आणि पलीकडचा काठ खचत असता आपल्या काठावर कितीही दगड रचले तरी कमान उभी राहत नाही. आपल्यातील जे शिकले, मोठ्या पदांवर गेले, परदेशी गेले, ते सर्व कोणीतरी बांधलेल्या पुलांवरून गेले. ते पूल ज्यांनी बांधले त्यांनी आपली जात विचारली असती, तर आपण अजून पलीकडेच जुड्या बांधीत बसलो असतो.

निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे. सभा जो करील तो आम्हांस मान्य राहील, आणि सभागृहच व्हावयाचे ठरले तरी आमची वर्गणी आम्ही परत मागणार नाही. परंतु हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने आमच्या निरक्षर आजीचा तो प्रश्न एकवार स्वतःस विचारावा, एवढीच प्रार्थना आहे.

बंडाच्या पुलावर आजही सिंह बसलेले आहेत, आणि कागदोपत्री एका गव्हर्नराचे नाव आहे. ज्यांनी दगड वाहिले, चुना मळला, पाण्यात उभे राहून पाया घातला, त्यांतील एकाचेही नाव तेथे नाही. तरी पूल त्यांचाच आहे. आपल्या वास्तूवर नावांची पाटी बसली नाही तरी चालेल. तिच्यातून मुली पार गेल्या पाहिजेत.